कायिक स्वीकार : प्रत्यारोपित यकृत आणि देहाचे स्वत्व

दान नेमके कोणत्या क्षणी पूर्ण होते, या प्रश्नावर भारतीय धर्मशास्त्राने जो वाद घातला तो गाय, जमीन आणि सोने यांच्या व्यवहारापुरता होता. परंतु त्यातील एका पक्षाचे म्हणणे आज यकृताच्या प्रत्यारोपणाला जितके तंतोतंत लागू पडते, तितके ते त्या काळच्या कोणत्याही व्यवहाराला पडले असेल की नाही याची शंका येते. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, होऊन गेला. त्याच्या मते दानाला दोन अंगे असतात : देणाऱ्याचे स्वत्व, म्हणजे वस्तूवरील मालकी, निवृत्त झाली पाहिजे आणि घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न झाले पाहिजे, आणि हे दुसरे अंग घेणाऱ्याने स्वीकार केल्याखेरीज सिद्ध होत नाही. बंगालच्या जीमूतवाहनाने दायभागात याच्या उलट भूमिका घेतली, आणि दात्याच्या त्यागानेच घेणाऱ्याचे स्वत्व निर्माण होते, स्वीकार त्याला कारण नव्हे, असे प्रतिपादन केले. विज्ञानेश्वर स्वीकाराचे तीन प्रकार सांगतो : 'हे माझे' असा मनाचा निश्चय हा मानस स्वीकार, तसे बोलून दाखवणे हा वाचिक आणि वस्तू प्रत्यक्ष हाती घेणे हा कायिक. त्यापुढे तो एक बारकावा नोंदवतो, की शेतजमिनीसारखी वस्तू हातात घेता येत नसल्यामुळे तिचा कायिक स्वीकार तिच्या उपभोगातूनच, मग तो उपभोग अल्प का असेना, सिद्ध होतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात दानाच्या विषयाला स्वतंत्र आणि मोठे स्थान मिळाले आहे. पण ज्या दानाची वस्तू घेणाऱ्याच्या देहाच्या आत जाऊन बसते, त्याचा कायिक स्वीकार कोणी आणि कसा करायचा, हा प्रश्न त्या परंपरेसमोर कधी आलाच नव्हता.

तो प्रश्न आता अंधेरीच्या कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात किंवा मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात यकृताचे प्रत्यारोपण होते तेव्हा उभा राहतो. भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत एका दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलावर झाले, वडिलांनी दिलेल्या यकृताच्या तुकड्याने. त्याआधी संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला होता आणि महाराष्ट्रात तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला होता. या कायद्याने दात्यांचे दोन वर्ग मानले. पहिला वर्ग मेंदूमृत व्यक्तीचा, म्हणजे जिच्या मेंदूस्तंभाचे कार्य कायमचे थांबले आहे परंतु हृदय कृत्रिम श्वासाच्या आधाराने अजून चालू आहे अशा व्यक्तीचा. तिची तपासणी डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करते, आणि नातेवाईकांनी संमती दिल्यावर मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात असलेले विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीनुसार तो अवयव कोणाला द्यायचा हे ठरवते. दुसरा वर्ग जिवंत दात्यांचा. आई-वडील, मुले, भावंडे आणि पती-पत्नी यांना कायद्याने जवळचे नातेवाईक मानले, २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा आणि नातवंडे यांची भर पडली, आणि भारतातील बहुसंख्य यकृते याच वर्गाकडून येतात. प्रौढ रुग्णाला बहुधा यकृताचा उजवा, मोठा भाग दिला जातो. उरलेला भाग दात्याच्या शरीरात काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीच्या आकाराचा होतो आणि घेतलेला भागही घेणाऱ्याच्या शरीरात त्याच्या गरजेपुरता वाढतो. देणाऱ्याचे स्वत्व निवृत्त होते, पण त्याची वस्तू मात्र त्याच्याकडे पुन्हा तयार होते; धर्मशास्त्रातील दानाच्या लक्षणात न बसणारी ही गोष्ट यकृतापुरतीच आहे, मूत्रपिंडाच्या बाबतीत ती घडत नाही. मानस आणि वाचिक स्वीकाराची व्यवस्था कायद्याने चोख केली आहे. दात्याचे हेतू तपासले जातात, दोन्ही बाजूंची संमती लेखी घेतली जाते, मोबदला दिला-घेतला असेल तर तो गुन्हा ठरतो. कायिक स्वीकाराविषयी कायदा काहीच बोलत नाही, आणि बोलला तरी त्याचा उपयोग नाही, कारण तो स्वीकार ज्याच्या हाती आहे त्याला कायदा, संमती, नाते यांतले काहीही कळत नाही.

शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा, म्हणजे जंतू आणि इतर परक्या पदार्थांना ओळखून त्यांचा नाश करणाऱ्या पेशींच्या एकत्रित व्यवस्थेचा, विचार विसाव्या शतकात स्व आणि पर या जोडीच्या भाषेत मांडला गेला, आणि ती भाषा रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट या शास्त्रज्ञाकडे जाते. प्रत्येक व्यक्तीच्या पेशींच्या पृष्ठभागावर तिची ओळख सांगणारे प्रथिनांचे रेणू असतात, ज्यांना एचएलए म्हणतात. टी पेशी या नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी हे रेणू चाचपतात आणि अनोळखी रेणू दिसला की हल्ला सुरू करतात, ज्याला प्रत्यारोपणाच्या संदर्भात रिजेक्शन म्हणतात. परंतु स्व म्हणजे काय हे शरीर जन्मतः जाणत नाही, ते त्याला शिकावे लागते, असा बर्नेटचा तर्क होता. रे ओवेन या शास्त्रज्ञाने १९४५ साली दाखवून दिले होते, की गर्भाशयात एकाच रक्ताभिसरणावर वाढलेली जुळी वासरे एकमेकांच्या रक्तपेशी जन्मभर बाळगतात आणि त्यांना परके मानत नाहीत. पुढे १९५३ साली पीटर मेडावर, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी एका जातीच्या उंदरांच्या गर्भांत दुसऱ्या जातीच्या उंदरांच्या पेशी टोचल्या, आणि ते उंदीर मोठे झाल्यावर त्यांच्या अंगावर त्या दुसऱ्या जातीची त्वचा बसवली असता ती टिकून राहिली. या शोधाला अर्जित सहनशीलता असे नाव मिळाले; सहनशीलता म्हणजे येथे विशिष्ट परक्या पेशींविरुद्ध हल्ला न करण्याची, पण बाकी सर्व जंतूंविरुद्ध शाबूत राहणारी अवस्था. बर्नेट आणि मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच मिळाले. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने यातला अर्थ असा, की स्व आणि पर यांमधली रेषा वस्तूत नसून ती ओळखणाऱ्याच्या इतिहासात असते.

ही जोडी भारतीय वाचकाला नवी नाही, पण ती त्याला वेगळ्याच जागी रेषा ओढलेली भेटते. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली येथील जैन वस्त्यांत कुंदकुंदाचार्यांच्या समयसारावर जी प्रवचने होतात, त्यांचा गाभाच स्व-पर भेदविज्ञान हा असतो, आणि त्या विवेकात देह सबंध पराच्या बाजूला जातो. जाणणारा आत्मा तेवढा स्व. त्वचा, रक्त, हाडे आणि यकृत ही सगळी पुद्गलाची, म्हणजे जडद्रव्याची, रचना. या दृष्टीने पाहिले तर स्वतःचे यकृत आणि मुलीने दिलेले यकृत यांत तात्त्विक भेद राहत नाही, कारण दोन्ही सारखीच परकी आहेत. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, इ. स. १२९० च्या सुमारास नेवासे येथे, ज्ञानेश्वरांनी याच प्रश्नाला मालकीच्या दाव्याचे रूप दिले आहे : देहरूपी क्षेत्र कोणाचे, यावर जीववादी, प्रकृतिवादी, संकल्पवादी, स्वभाववादी आणि कालवादी असे एकामागून एक दावेदार उभे राहतात, प्रत्येक जण आपली कागदपत्रे काढल्यासारखा युक्तिवाद करतो आणि त्यांतला एकही दावा निर्णायक ठरत नाही. बहुतेक भारतीय दर्शने देहाला आत्मा मानत नसल्यामुळे प्रत्यारोपणाने त्यांच्यापुढे आत्म्याविषयीचा पेच निर्माण होत नाही, आणि म्हणूनच या देशात अवयवदानाला जो धार्मिक विरोध होतो तो अंत्यसंस्काराच्या पूर्णतेविषयीचा असतो, आत्म्याच्या अदलाबदलीविषयीचा क्वचितच असतो. मात्र एवढ्यावर प्रश्न मिटला असे मानणे घाईचे होईल. देह पर आहे हे आत्म्याला पटले तरी देहाला स्वतःला ते मान्य नसते. तो आपल्यापुरता स्व आणि पर यांचा काटेकोर हिशेब ठेवतो आणि त्या हिशेबावर माणसाचे जगणे-मरणे ठरते.

यकृताच्या बाबतीत हा हिशेब सैल का असतो, हे वैद्यकाला पडलेले जुने कोडे आहे. टॉमस स्टार्झल या शल्यचिकित्सकाने १९६३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे माणसावरील पहिले यकृत प्रत्यारोपण केले. तो रुग्ण शस्त्रक्रियेतच दगावला आणि पहिले यश मिळायला १९६७ साल उजाडले. केंब्रिजचा रॉय काल्न हा त्याच सुमारास डुकरांवर प्रयोग करीत असताना त्याच्या ध्यानात आले, की एका डुकराचे यकृत दुसऱ्यात बसवले असता कोणतेही औषध न देताही ते पुष्कळदा टिकते, आणि अशा डुकराला त्याच दात्याचे मूत्रपिंड किंवा त्वचा दिली तर तीही एरवीपेक्षा जास्त काळ नांदते. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा होता, की यकृत स्वतः तर स्वीकारले जातेच, पण आपल्या सोबत्यांनाही जामीन राहते. माणसातही यकृतासाठी एचएलए जुळवून पाहण्याची गरज सहसा पडत नाही. कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेन या मोठ्या नीलेतून थेट आतड्यांकडून येते, आणि त्या रक्तात अन्नाचे अंश व आतड्यांतील जंतूंचे तुकडे अहोरात्र वाहत असतात. प्रत्येक परक्या रेणूवर हल्ला करण्याचे धोरण या अवयवाने ठेवले असते तर जेवणाच्या प्रत्येक घासाला त्याची सूज आली असती. त्यामुळे त्याच्या सूक्ष्म रक्तमार्गांतील कुफर पेशी आणि त्या मार्गांच्या आतल्या अस्तराच्या पेशी टी पेशींना प्रतिजन, म्हणजे परका रेणू, अशा रीतीने दाखवतात की त्या चिडण्याऐवजी थकतात, निष्क्रिय होतात किंवा मरून जातात. शिवाय प्रत्यारोपित यकृताबरोबर दात्याच्या असंख्य पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या रक्तात शिरतात, आणि स्टार्झलला १९९२ साली असे आढळले की काही जुन्या रुग्णांच्या त्वचेत आणि गाठींत दात्याच्या अशा पेशी अनेक वर्षांनंतरही वस्ती करून होत्या. आणखी एक घटक म्हणजे नियामक टी पेशी. इतर टी पेशींना आवर घालणे हे त्यांचे काम. शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक याच पेशींच्या शोधासाठी देण्यात आले.

एवढे असूनही बहुतेक रुग्णांना जन्मभर औषध घ्यावे लागते, आणि दानाच्या कायिक स्वीकाराचा प्रश्न खऱ्या अर्थाने शस्त्रक्रियागृहाबाहेर, घरात, सुरू होतो तो यामुळे. सायक्लोस्पोरीन हे औषध नॉर्वेतील मातीत सापडलेल्या बुरशीपासून आणि टॅक्रोलिमस हे जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. दोन्ही औषधे टी पेशींच्या आत पोहोचणारा धोक्याचा इशारा मधेच अडवतात. टॅक्रोलिमसची नेहमीची गोळी दर बारा तासांनी घ्यायची असते. रक्तातील तिचे प्रमाण, ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही टॅक्रो लेव्हल म्हणतात, सकाळची गोळी घेण्याआधी तपासायचे असते, म्हणून तपासणीच्या दिवशी बोरिवलीचा रुग्ण गोळी खिशात घेऊन पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातो, रक्त देतो आणि मग तिथल्याच कुलरच्या पाण्याबरोबर ती गिळतो. प्रमाण कमी पडले तर शरीर यकृतावर उठते, जास्त झाले तर मूत्रपिंडे बिघडतात, हात थरथरतात, मधुमेह जडतो. हा अरुंद मार्ग सांभाळताना धार्मिक आचाराशी गाठ पडते आणि ती अगदी बारीक जागी पडते. कोकणातून उपनगरांत आलेल्या घरांत गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या चौकटीला, जी फळे बांधतात त्यांत पपनस असते. पपनसातील द्रव्ये आतड्यांमधील टॅक्रोलिमस मोडणाऱ्या विकराला अडवतात आणि रक्तातील औषध धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, म्हणून विसर्जनानंतर वाटलेली त्याची एक फोडही अशा माणसाला वर्ज्य. कच्च्या दुधाच्या पंचामृतालाही, विशेषतः पहिल्या वर्षात, तो हात जोडतो आणि पुढे सरकतो. जैन श्रावकाची अडचण याहून अवघड आहे. चौविहार पाळणारा श्रावक सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही आणि नवकारशी करणारा सूर्योदयानंतर ४८ मिनिटे उलटल्याखेरीज तोंडात काही घालत नाही. मुंबईत डिसेंबर अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा असतो, म्हणजे दोन्ही गोळ्या सव्वादहा तासांच्या आत बसवाव्या लागतील, आणि बारा तासांचे अंतर त्यात मावत नाही. दिवसातून एकदाच घेण्याची गोळी आता उपलब्ध आहे, पण ती प्रत्येकाला चालतेच असे नाही. पच्चक्खाणाच्या, म्हणजे त्यागाच्या व्रताच्या, सूत्रांतच आगार या नावाच्या सवलती सांगितलेल्या आहेत आणि चित्ताची समाधी टिकवण्यासाठी औषध घेणे ही त्यांतली एक आहे. शास्त्र रचणाऱ्यांनी टॅक्रोलिमसची कल्पना केली नव्हती. आजारी माणसाची मात्र नीट केली होती.

या औषधांपासून काही रुग्ण मुक्त होतात, आणि मूळ प्रश्न त्यांच्यापाशी सर्वांत तीव्र होतो. प्रतिकारशक्ती दाबणारे प्रत्येक औषध बंद करून किमान एक वर्ष लोटले आणि तरीही यकृताचे काम सुरळीत राहिले, तर त्या अवस्थेला वैद्यकात कार्यकारी सहनशीलता म्हणतात. युरोपात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निवडक आणि स्थिर प्रकृतीच्या ९८ रुग्णांची औषधे टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली आणि त्यांपैकी ४१ जणांत ती बंद राहू शकली. वय जास्त असलेल्या आणि प्रत्यारोपणाला अधिक वर्षे झालेल्या रुग्णांत यशाचे प्रमाण मोठे होते. आई किंवा वडिलांकडून यकृत मिळालेल्या २० मुलांवरील अमेरिकेतील २०१२ च्या अभ्यासात १२ मुले औषधावाचून राहिली. जपानमधील होक्काइदो विद्यापीठात १० रुग्णांना, दात्याच्या पेशींबरोबर वाढवून तयार केलेल्या नियामक टी पेशी देण्यात आल्या आणि त्यांपैकी ७ जणांची औषधे थांबवता आली. या आकड्यांत लक्षात घेण्यासारखी गोष्ट काळाची आहे. शेताचा कायिक स्वीकार उपभोगाने होतो असे विज्ञानेश्वर म्हणाला, त्याचप्रमाणे येथेही यकृताने वर्षानुवर्षे पित्त तयार करावे, रक्त गोठवणारी प्रथिने पुरवावीत, पचलेले अन्न साठवावे आणि या दीर्घ वापरातून ते त्या देहाचे व्हावे, असे दिसते. सहनशील रुग्णाच्या यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तेथे टी पेशी आढळतात, आणि त्यांना आवरणाऱ्या नियामक पेशीही त्यांच्याजवळच असतात. परकेपणाचा विसर पडलेला नसतो. त्याच्याविषयी रोजचा एक व्यवहार ठरलेला असतो, आणि तो कधीही, एखाद्या साध्या विषाणूच्या तापानेसुद्धा, मोडू शकतो.

स्वीकार करणारा नेमका कोण, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. बौद्ध आचार्य नागार्जुनाच्या नावावर असलेल्या आणि पाचव्या शतकाच्या आरंभी कुमारजीवाने चिनी भाषेत उतरवलेल्या महाप्रज्ञापारमिताशास्त्रात एक विलक्षण कथा आहे. एकटा प्रवासी रात्री एका ओसाड घरात मुक्काम करतो, तेथे एक राक्षस प्रेत घेऊन येतो, मागून दुसरा येऊन त्या प्रेतावर हक्क सांगतो आणि दोघे प्रवाशाला साक्षीदार करतात. प्रवासी खरे बोलतो, तेव्हा चिडलेला राक्षस त्याचा हात उपटतो आणि पहिला राक्षस प्रेताचा हात त्याला चिकटवतो. असे करता करता त्याचे सगळे शरीर प्रेताच्या शरीराने बदलले जाते, राक्षस त्याचे मूळ अवयव खाऊन निघून जातात आणि तो माणूस आपल्याला शरीर आहे की नाही हेच न कळल्यामुळे भ्रांत होऊन भिक्षूंना गाठतो. त्याला मिळणारे उत्तर असे, की हे शरीर आज परके झाले असे नाही. त्यात कधीच कोणी मालक नव्हता. कथा धारदार आहे, पण तीत एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि यकृताने ती खोटी ठरवली आहे : प्रेताचे अवयव तेथे निमूटपणे चिकटतात. प्रत्यक्षातला देह झगडतो, हटून बसतो, शिकतो, काही वेळा मान्य करतो आणि काही वेळा वीस वर्षांनीही मान्य करत नाही. मालक नसलेल्या घराची एवढी कडक राखण चालते याचा उलगडा अनात्मवादाने केला पाहिजे; उलटपक्षी, त्या राखणदारांना हुकूम देणारा कोणीही टी पेशींच्या गर्दीत सापडत नाही, याचा उलगडा आत्मवाद्यांना करावा लागेल. या वादात भिक्षूंची बाजू थोडी वरचढ आहे, असे म्हणावे लागते. ऑस्ट्रेलियातील एका मुलीला वयाच्या नवव्या वर्षी यकृत मिळाले. काही महिन्यांत तिचा रक्तगट ओ निगेटिव्हचा ओ पॉझिटिव्ह झाला, दात्याच्या यकृतातून आलेल्या मूळ पेशींनी तिच्या अस्थिमज्जेचा ताबा घेतला, तिची प्रतिकारयंत्रणा दात्याची झाली आणि औषधे बंद झाली. ही हकीकत २००८ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. येथे घेणाऱ्याने दान स्वीकारले की दानानेच घेणाऱ्याला स्वीकारले, हे धर्मशास्त्राच्या कोणत्याही कोटीत सांगता येत नाही. गणपतीच्या मस्तकाची कथा प्राचीन शस्त्रक्रियेचा दाखला म्हणून सांगण्याची हौस आपल्याकडे अधूनमधून उफाळून येते. तीत खरोखर विचार करण्याजोगे आहे ते वेगळे, की मस्तक बदललेल्या त्या मुलाला पार्वतीने आपला म्हटले आणि तेवढ्याने त्याच्या ओळखीचा प्रश्न मिटला.

सहनशीलता हा शब्द कानावर पडताच त्याला नीतीचा गंध चिकटतो, आणि एका धर्माच्या दात्याचे यकृत दुसऱ्या धर्माच्या रुग्णात रुजले की वर्तमानपत्रांतून सलोख्याचा धडा छापून येतो. घटना आनंदाची असते. धडा मात्र शरीरशास्त्राच्या आधारावर उभा राहत नाही, कारण टी पेशी धर्म तपासत नाहीत तशा त्या जात, नाते आणि उपकारही तपासत नाहीत, आणि सख्ख्या मुलाने दिलेल्या यकृतावरही त्या तितक्याच निर्विकारपणे तुटून पडतात. याहून मोठी अडचण अशी, की यकृताची हीच सहिष्णू वृत्ती त्याच्या नाशालाही हातभार लावते. हेपटायटिस बी चा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून बाळाला लागला तर १० पैकी सुमारे ९ बाळांत तो जन्मभर ठाण मांडून बसतो, तर निरोगी प्रौढांपैकी बहुतेक जण त्याला हुसकावून लावतात. बाळाच्या यकृतातील प्रतिकारयंत्रणा त्याला सोसून घेते, आणि तीस-चाळीस वर्षांनी त्या सोसण्यातून सिरॉसिस, म्हणजे यकृत कठीण व निकामी होणे, किंवा कर्करोग उद्भवू शकतो. असा रुग्ण प्रत्यारोपणाच्या यादीत येतो तेव्हा ज्या गुणामुळे नवे यकृत टिकण्याची आशा असते, त्याच गुणाने जुने घालवलेले असते. निसर्गातील सहनशीलतेला सद्गुण म्हणण्यापूर्वी ती कोणाला सोसते आहे हे विचारावे लागते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पेशी देऊ शकत नाहीत; ते माणसालाच द्यावे लागते.

मिताक्षरेतील आणखी एक मत या ठिकाणी उपयोगी पडते. स्वत्व हे केवळ शास्त्रवचनाने कळणारे आहे की लौकिक आहे, म्हणजे लोकव्यवहारातून सिद्ध होणारे आहे, या वादात विज्ञानेश्वराने लौकिक पक्ष घेतला. ज्यांनी शास्त्राचे नावही ऐकलेले नाही अशा लोकांतही खरेदी-विक्री होते आणि मालकी मानली जाते, हे त्याने पुढे केलेल्या कारणांपैकी एक होते. देहाचे स्वत्वही असेच लौकिक आहे. ते जन्मजात रेषेवर नाही, आत्म्याच्या आज्ञेवर नाही. ते घेणे, वापरणे, आवरणे, सोसणे या व्यवहारातून रोज उभे राहते, आणि औषध घेणाऱ्या रुग्णात त्या व्यवहाराचा काही भाग गोळीने पार पाडलेला असतो एवढाच फरक. म्हणून गोळी घेणाऱ्याचा स्वीकार उणा आणि औषधावाचून राहणाऱ्याचा पुरा, असे म्हणता येणार नाही. विज्ञानेश्वराच्या हिशेबाने दर बारा तासांनी गोळी घेणे हाच त्या रुग्णाचा कायिक स्वीकार होय. धर्मशास्त्राने प्रतिग्रहाला, म्हणजे दान घेण्याला, कधी हलके मानले नाही. घेतलेले दान घेणाऱ्याचे तेज खर्च करते, असे मनुस्मृतीही बजावते. यकृताच्या दानात तो भार केवळ घेणाऱ्याच्या शिरावर टाकून चालणार नाही. भारतात जिवंत दात्यांमध्ये पत्नी, आई आणि बहीण यांचीच संख्या मोठी आहे. त्यांच्या पोटावरची खूण आणि घेणाऱ्याची औषधे या दोन्ही गोष्टी कुटुंबाला पुढे कित्येक वर्षे सांभाळायच्या असतात, आणि औषधांचा मासिक खर्च मध्यमवर्गीय घराचीही कंबर मोडणारा असतो.

यातून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात आणि त्या स्पष्ट सांगितल्या गेल्या पाहिजेत. सहनशीलता आली असावी अशा समजुतीने, किंवा कोणाच्या तरी चमत्काराची बातमी वाचून, गोळी स्वतःहून बंद करणे म्हणजे घेतलेले दान परत फेकणे होय. औषध थांबवण्याचे प्रयोग निवडक रुग्णांवर, वारंवार रक्त आणि यकृताचा तुकडा तपासत, प्रत्यारोपण केंद्रांतच होतात आणि तेथेही अर्ध्याहून अधिक प्रौढांना औषध पुन्हा सुरू करावे लागते. उपवासाचा दिवस, पर्युषण, रमजानचा रोजा किंवा गणपतीचा प्रसाद यांविषयी रुग्णाने शंका डॉक्टरांजवळ मोकळेपणी काढावी. घाटकोपर-मुलुंडच्या उपाश्रयांतील महाराजसाहेबांनी, मशिदींतील मौलानांनी आणि घरोघरी पूजा सांगणाऱ्या गुरुजींनीही, सूर्यास्तानंतर किंवा उपवासात घेतलेल्या या गोळीने व्रत मोडत नाही किंवा अशा आजाऱ्याला व्रतातून सूट आहे, हे आपापल्या शास्त्राच्या आधाराने जाहीरपणे सांगावे, कारण डॉक्टरांचे ऐकूनही व्रताच्या धाकाने गोळी चुकवणारा माणूस त्यांचे ऐकेल.